तीन गोळ्या आणि खुणांची पिशवी

बाळ जन्मल्यावर आईच्या अंगावरून किती रक्त गेलं, याचा नजरेनं केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. किती कमी, हे बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मोजून पाहिलं गेलं. १२३ बाळंतिणींचे सोडत पद्धतीनं दोन गट केले. एका गटात रक्तस्रावाचा अंदाज नेहमीसारखा नजरेनं घेतला. दुसऱ्या गटात मापाच्या रेघा आखलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्त गोळा केलं. नजरेचा आकडा पिशवीच्या आकड्यापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आला. पिशवी तरी खरं सांगते का, हे ताडण्यासाठी दहा जणींचं रक्त प्रयोगशाळेतही मोजलं. हिमोग्लोबिनचा रंग किती प्रकाश शोषतो यावरून रक्ताचं प्रमाण काढायची ती पद्धत. दोन्ही आकड्यांचा मेळ ०.९२ इतका बसला; १ म्हणजे पूर्ण मेळ. हा निबंध २००६ साली छापून आला.

३३ टक्के म्हणजे नेमकं काय? बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. खरे ५०० गेले असताना नजर ३३५ च्या आसपास सांगत असेल, तर कागदावर ती बाई सुखरूप ठरते. रक्त लुगड्यात, चादरीत, कापसात जिरतं, जमिनीवर पसरतं, गर्भजलात मिसळून फिकट दिसतं. अनुभवी सुईण काय आणि डॉक्टर काय, यातून दोघंही सुटत नाहीत.

या कामामागची मंडळी बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातली. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी, जोडीला अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रिचर्ड डर्मन. पिशवीचं ‘ब्रास-व्ही’ हे नाव ती बनवणाऱ्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडलं. पण पिशवी हे त्यांचं साधन होतं. त्यांना उत्तर हवं होतं ते अतिरक्तस्राव टाळण्यासाठी द्यायच्या मिसोप्रोस्टॉल या गोळीबद्दल.

प्रश्न समजायला आधी गर्भाशयात काय घडतं ते पाहू. दिवस भरलेल्या गर्भाशयाला दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त पोचत असतं. बाळापाठोपाठ वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती मिटवायचं काम रक्त गोठण्याच्या आधी स्नायू करतात. गर्भाशयाच्या स्नायूंचे तंतू एकमेकांत तिरपे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधून जातात. नाडी ओढल्यावर कापडी बटव्याचं तोंड आवळावं, तसे हे तंतू आखडून वाहिन्यांना चिमटीत धरतात. गर्भाशय ढिलं राहिलं तर ही पकड बसत नाही. अतिरक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात घटनांमागे हेच ढिलेपण असतं. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत राहणं, योनीमार्गाला किंवा गर्भाशयाच्या मुखाला फाट पडणं आणि रक्त न गोठणं ही कारणं येतात.

गर्भाशय आवळून धरायला पहिलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. बाळ झाल्याबरोबर १० युनिटचं इंजेक्शन स्नायूत दिलं की दोन-तीन मिनिटांत काम सुरू. मात्र ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उन्हात, बंद फ्रिजमध्ये त्याची ताकद घटत जाते आणि कुपीकडे बघून ते कळत नाही. शिवाय सुई लागते, ती टोचायला प्रशिक्षित हात लागतो. या शतकाच्या सुरुवातीला ग्रामीण भागातली किती तरी बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात व्हायची. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘तालुक्याला हलवा’ हे सांगणं सोपं आणि करणं किती अवघड, हे सांगायला नको.

मिसोप्रोस्टॉल हे पोटातल्या अल्सरसाठी निघालेलं औषध. त्यानं गर्भाशयही आकुंचन पावतं, हे माहीत होतं. गोळी असल्यामुळे सुई नको, आणि नेहमीच्या तापमानात ती टिकते. पण २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांतल्या रुग्णालयांत, १८ हजारांहून अधिक बायकांवर केलेल्या चाचणीचा निकाल गोळीच्या विरोधात गेला होता. १००० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव ऑक्सिटोसिनच्या गटात ३ टक्के, तर गोळीच्या गटात ४ टक्के. एवढ्यावर विषय संपल्यासारखा वाटला असता. बेळगावच्या गटाचं खरं शहाणपण इथं दिसतं. गोळी इंजेक्शनपेक्षा चांगली का, हे त्यांनी विचारलंच नाही. जिथं इंजेक्शन पोचतच नाही तिथं काहीच न देण्यापेक्षा ती चांगली का, एवढंच विचारलं.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत ही चाचणी झाली. १६२० बायका, ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉल, ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. मात्रा ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या तीन गोळ्या, बाळ झाल्यावर तोंडानं. कुणाला काय मिळालं हे ना बाईला ठाऊक, ना देणारीला. बाळंतपण करणं, गोळी देणं, रक्त मोजणं हे सगळं २५ सहायक परिचारिकांनी केलं. लोक ज्यांना नर्सबाई म्हणतात, त्या ह्याच. शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख एका ओळीचा, पण एकेक मापाची रेघ त्यांनीच वाचली.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २००६ मध्ये आलेले आकडे असे: बाळंतपणानंतरच्या दोन तासांत अतिरक्तस्राव औषध नसलेल्या गटात १२ टक्के, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के. १००० मिलिलिटरच्या वरचा गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर. सरासरी रक्तस्राव २६२.३ वरून २१४.३ मिलिलिटरवर.

सरासरीतला फरक ४८ मिलिलिटरचा, साधारण पाव कप. त्यात काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण सरासरीनं इथं दिशाभूल होते. बहुतेक बायकांचं रक्त मर्यादेतच जातं. औषधाचा फायदा टोकाला असलेल्या थोड्या जणींना होतो. १२ मधून ६.४ वजा केले की ५.६ उरतात, १०० ला ५.६ नं भागलं की साधारण १८. म्हणजे १८ जणींना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. ती एक कोण, हे आधी ओळखता येत नाही, म्हणून अठराही जणींना द्यायच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ असलेलीला अर्धा लिटर रक्तस्राव झेपतो. ७ असलेलीला तोच जिवावर बेतू शकतो.

याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. चाचणी पुढे सरकत गेली तसा रक्तस्राव दोन्ही गटांत कमी होत गेला; औषध नसलेल्या गटातही. गटांमधला फरक टिकला, म्हणून औषधाचं श्रेय कायम राहतं. पण रोज मोजणारा हात आणि दोन तास बाळंतिणीजवळ बसणं यांचाही काही वाटा असावा, असं मानायला जागा आहे.

गोळीचे त्रासही खरे आहेत. थंडी वाजून अंग कापणं आणि ताप, हे गोळी घेतलेल्यांत जास्त दिसलं. साधारणपणे ते आपोआप ओसरतं. पांघरूण आणि पॅरासिटामॉल पुरतं. खरा धोका वेळ चुकण्यात आहे. बाळ बाहेर यायच्या आधी ६०० मायक्रोग्रॅम दिले तर गर्भाशय इतक्या जोरानं आवळतं की बाळ गुदमरू शकतं, गर्भाशय फाटू शकतं; आधी सिझेरियन झालेलीला हा धोका अधिक. म्हणून पहिलं बाळ झाल्यावर पोटावर हात ठेवून दुसरं बाळ आत नाही ना, हे चाचपायचं आणि मगच गोळ्या द्यायच्या. गोळ्या कोरड्या टिकतात, दमटपणात खराब होतात. पावसाळ्यात ॲल्युमिनियमचं पाकीट फोडून सुट्या गोळ्या डबीत ठेवल्या, की औषध वाया गेलं म्हणून समजा. आणि फाटीतून वाहणारं रक्त गोळीनं थांबत नाही. पोट चाचपल्यावर गर्भाशय कडक लागतंय आणि तरी लाल रक्त येतंय, तर टाके लागणार.

पिशवी वापरण्यातही वेळ महत्त्वाची. बाळ आलं, गर्भजल वाहून गेलं, नाळ कापली की लगेच ती कमरेखाली सरकवायची, वरचे पट्टे पोटाभोवती सैल बांधायचे, निमुळतं टोक खाली लोंबू द्यायचं. लवकर लावली तर गर्भजल मोजलं जातं, उशिरा लावली तर सुरुवातीचं रक्त कापडात गेलेलं असतं. लघवी आत गेली तर आकडा फुगतो. पिशवी नसेल तर कापडं आधी कोरडी आणि मग भिजलेली तोलायची. एक ग्रॅम वाढ म्हणजे जवळपास एक मिलिलिटर रक्त.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत मिसोप्रोस्टॉलला अतिरक्तस्राव टाळण्यासाठी जागा दिली आणि पुढच्या वर्षीच्या शिफारशींत ऑक्सिटोसिन नसेल तिथं ६०० मायक्रोग्रॅम असं नमूद केलं. त्या निर्णयामागच्या पुराव्यात बेळगावचे आकडे महत्त्वाचे होते. बेळगाव पुढेही अशा चाचण्यांचं केंद्र राहिलं. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन अकाली प्रसूती १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आल्याचं २०२० साली छापून आलं, त्या सहा देशांच्या चाचणीतही ते होतं. (घरच्या घरी ॲस्पिरिन सुरू करायला हा आधार नव्हे, कुणाला आणि कितव्या आठवड्यात, हे डॉक्टरच ठरवतात.)

खुणांच्या पिशवीचे दिवस मात्र उशिरा आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तांझानियातल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये लागला. पिशवीनं मोजायचं, रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं; अशा ठिकाणी ९३.१ टक्के अतिरक्तस्राव वेळीच ओळखला गेला, नेहमीच्या पद्धतीत ५१.१ टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे मृत्यू, हे मिळून ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं.

आता सीमाभागातली बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. पहिलटकरीण माहेरी येते, तेव्हा चंदगड-गडहिंग्लजहून खानापूर-बेळगावला किंवा उलट, राज्याची हद्द ओलांडून येते. कर्नाटकाच्या बाजूचं तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद) कानडीत, दुसऱ्या बाजूचं कार्ड मराठीत. शेवटचं हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीचं सिझेरियन आणि आधीच्या वेळी जास्त रक्त गेलं होतं का, एवढं दोन्हीकडच्या नर्सबाईंना वाचता येईल असं पहिल्या पानावर लिहून घ्यावं. आणि घरी आणल्यावर पॅड किंवा घडी पाच मिनिटांच्या आत भिजत असेल, बाळंतीण घामेजून गार पडत असेल, तर ओटीपोट चोळत, बाळाला अंगावर घेत १०८ ला फोन करायचा. भिजलेली कापडं धुवायला टाकू नयेत, ती दवाखान्यात सोबत न्यावीत, तोलता येतात.