जड क्रियापद म्हणजे चांगलं इंग्रजी?

‘गेट’, ‘पुट ऑफ’, ‘फाइंड आऊट’ ही बोलीतली, हलकी क्रियापदं. चांगलं इंग्रजी लिहायचं तर ‘ऑब्टेन’, ‘पोस्टपोन’, ‘असर्टेन’, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

मुळाशी इतिहास आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार-न्यायालयात फ्रेंच आली. विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळे एकाच क्रियेला दोन-दोन शब्द झाले. घरातला ‘बिगिन’, कचेरीतला ‘कमेन्स’. प्रतिष्ठा अर्थातच दुसऱ्याला! पण खुद्द ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 1948 मध्ये जे ‘प्लेन वर्ड्स’ लिहिलं, त्याचा भर साध्या शब्दांवरच आहे.

‘कॅरी आऊट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आऊट’ शोधनिबंधांतही सर्रास सापडतात. ‘ग्रो अप’ला तर नेमका एकशब्दी पर्यायच नाही. उलट मित्राला ‘आय परचेस्ड मिल्क’ म्हटलंत, तर व्याकरण बरोबर असूनही पावती वाचल्यासारखं वाटेल. तिथे ‘बॉट’च हवं.

जड शब्द निरुपयोगी नाहीत. करार ‘टर्मिनेट’च होतो. ‘मेस अप’ अहवालात खटकेल. म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका, त्याच्या सोबतच्या नामासकट उचला: ‘मेक अ डिसिजन’, ‘पे अटेन्शन’. आपल्या कचेऱ्यांतलं ‘प्लीज रिव्हर्ट’ मात्र जपून वापरा. ‘उत्तर द्या’ हा त्याचा अर्थ भारताबाहेर अनेकांना कळत नाही. ‘रिप्लाय’ सगळ्यांना कळतो.