एकट्यानं रत्नागिरीत राहायला येताय? जागा ठरवण्याआधी एवढं वाचा

मे महिना उजाडला की आमचा फोन वाजायला लागतो. बदलीची ऑर्डर हातात पडलेली असते, आठ-पंधरा दिवसांत हजर व्हायचं असतं आणि घरची मंडळी सध्या तिकडेच राहणार असतात. नोकरी कुणाची बँकेत, कुणाची शाळेत, कुणाची सिव्हिल हॉस्पिटलात नाहीतर एमआयडीसीत. सामानाचं बोलणं चालू असतानाच हळूच प्रश्न येतो, "समुद्राजवळ एखादी खोली मिळेल का हो? नुसता खिडकीतून दिसला तरी चालेल."

आमचा धंदा सामान हलवण्याचा. आम्ही एजंट नाही, कुठल्याच जागेमागे आम्हाला दलाली सुटत नाही, त्यामुळे कुठं राहा आणि कुठं नको हे मोकळेपणानं सांगता येतं. मे महिन्यात ज्यांचं सामान उतरवतो, त्यातल्या काहींना दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या जागेत हलवायलाही आम्हीच जातो. कारण विचारलं तर बहुतेक वेळा एकच निघतं : जागा उन्हात बघितली होती. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुण्यात वर्षभरात सातशेच्या आसपास पडतो. म्हणून इथली जागा जुलैसाठी निवडायची. जुलैत जिथं नीट राहता येतं, तिथं डिसेंबरात कुणाची तक्रार नसते.

गावाचा नकाशा डोक्यात बसवा

शहर लहान आहे. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेच्या हद्दीत ७६ हजार माणसं होती. एक मुख्य रस्ता लक्षात ठेवला की बाकीचं गाव आपोआप समजतं. खाली समुद्राच्या बाजूला गोखले नाका, राम आळी आणि जुनी बाजारपेठ. तिथून वर आलात की एसटी स्टँड, जयस्तंभ, मग मारुती मंदिर, साळवी स्टॉप आणि त्यापुढं कुवारबाव. रेल्वे स्टेशन तिकडं, म्हणजे बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटरवर. हाच रस्ता हातखंब्याला मुंबई-गोवा हायवेला छेदतो आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो.

तुमचं ऑफिस या रस्त्याच्या कुठल्या टोकाला आहे हे तर बघालच. पण एकटा माणूस शनिवारी दुपारी घराकडं पळतो, ते कुणी आधी धरत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना एसटी बरी. स्टँडवर न जाता मारुती मंदिर नाहीतर साळवी स्टॉपलाही बहुतेक गाड्या मिळतात. मुंबई-ठाण्याकडच्यांचं सगळं कोकण रेल्वेवर. गाडी पहाटे तीनला स्टेशनात सोडते आणि पाऊस कोसळत असतो, तेव्हा खाली समुद्राकडच्या मांडवीपर्यंतचा रस्ता फार लांब वाटतो, रिक्षाभाडंही तसंच लागतं. दर आठवड्याला रेल्वेनं ये-जा करणार असाल, तर कुवारबाव ते साळवी स्टॉप या पट्ट्याच्या बाहेर जाऊ नका.

मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप

पहिल्यांदा एकटं येणाऱ्याला आम्ही डोळे झाकून हाच भाग सांगतो. इथलं भाडं गावातल्या इतर भागांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण खानावळ, मेडिकल, दवाखाना, इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड सगळं पायी. ताप आला आणि घरात दुसरं कुणी नसलं की "पायी" या गोष्टीची किंमत कळते. डबेवाल्या काकूही या भागात सहज मिळतात, आणि डबा भर पावसात दारापर्यंत येईल का, हा प्रश्न एकट्यासाठी भाड्याइतकाच मोठा आहे. ठरवतानाच विचारा. खानावळींना रविवारी संध्याकाळी बहुधा सुट्टी असते, तेव्हा एक स्टोव्ह किंवा इंडक्शन हाताशी ठेवा. लाइट गेली की इंडक्शनचा उपयोग नाही, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात लाइट जातेच.

नाचणे आणि कुवारबाव

नव्या इमारती, मोठ्या खोल्या, भाडं कमी. स्वतःची दुचाकी असेल तर उत्तम. इथं दोनच गोष्टी विचारा. पहिली, पाणी एप्रिल-मे महिन्यात कुठून येतं : नळ, बोअर की टँकर, आणि टँकरचे पैसे कोण देतं. पाऊस एवढा, तरी हा प्रश्न का, असं घाटावरचे लोक हमखास विचारतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं समुद्राला मिळतं, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. दुसरी गोष्ट, इमारतीच्या मागची बाजू स्वतः जाऊन बघा. डोंगर कापून बांधलेली असेल, तर मागं संरक्षक भिंत आहे का, तिच्यात पाणी जायला भोकं ठेवली आहेत का आणि तळमजल्याची खिडकी त्या कापलेल्या मातीकडं उघडते का, हे पाहा. तशी खोली स्वस्त मिळते. घेऊ नका.

जुनं गाव : आळ्या

टिळक आळी, राम आळी, खालची आळी, झाडगाव. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागं विहीर आणि दोन माड. इथं फ्लॅट कमी. मालकाच्याच घराची एखादी बाजू किंवा माडी भाड्यानं मिळते. जुन्या कौलारू घरात दुपारी पंखा न लावताही बसवतं. न्हाणीघर मागल्या दारी असेल, तर रात्री पावसात तिथवर जायचं आहे हे लक्षात घ्या.

या घरांत मालकीणबाईंची नजर असते. तुम्ही किती वाजता आलात, कोण भेटायला आलं होतं, आज डबा का परत गेला, सगळं त्यांना ठाऊक. काहींना याचा जाच होतो. मात्र एकटीनं येणाऱ्या बऱ्याच मुली पहिल्या वर्षी मुद्दाम अशीच जागा बघतात, आणि आमच्या मते त्यांचा हिशेब बरोबर आहे. कुठल्याही भागात जागा बघताना मुलींनी रात्री आठनंतर एकदा बस थांब्यापासून दारापर्यंत चालून बघावं. दिवे कुठं आहेत, दुकान किती वाजता बंद होतं, कुत्री कुठं बसतात, हे दिवसा दिसत नाही.

आता समुद्राकडचं

मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, मिऱ्या. या जुन्या, भरलेल्या वस्त्या आहेत, भाड्याच्या खोल्या मोजक्याच. मिरकरवाडा हे मोठं मासेमारी बंदर. पहाटेपासून बर्फाच्या गाड्या, लिलावाचा आरडाओरडा आणि मासळीचा वास. त्यावर सगळं गाव जेवतं, त्यामुळे आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण एक सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि बंदर शांत असतं. उशिरा आलेले काही बदलीवाले नेमक्या त्याच दिवसांत जागा बघायला येतात, शांतता बघून खूष होतात आणि ऑगस्टात चकित होतात.

मिऱ्याला समुद्र आणि घरं यांच्यामध्ये धूपप्रतिबंधक बंधारा आहे. उधाणाला लाटा त्यावरून येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत येऊन याच किनाऱ्याला लागलं आणि पुढं बरीच वर्षं तिथंच अडकून पडलं होतं. ते बघायला लोक यायचे. त्या रस्त्यानं रोज ऑफिसला जाणं वेगळं.

भाट्ये पुलापलीकडं आहे, सुरूचं बन, लांबलचक पुळण, हवा छान. स्वतःची गाडी असेल आणि एकटेपणाची सवय असेल तरच. रात्री उशिरा रिक्षावाल्याला परतीचं भाडं मिळत नाही, त्यामुळे तो जादा मागतो. त्याचंही बरोबर आहे.

खाऱ्या हवेचा हिशेब वेगळाच. किनाऱ्यालगतच्या घरातून वर्षभरानं सामान उचलताना आम्ही काय बघतो ते सांगतो. फ्रिजचा मागचा पत्रा तांबडा पडलेला, लोखंडी कॉटचे नटबोल्ट पान्यानं न फिरणारे, कापावेच लागणारे. प्लायच्या कपाटाची पाठ फुगून तिच्यावर पांढरट-हिरवी बुरशी, आणि आत सगळ्यात मागं ठेवलेला एकुलता एक ब्लेझर ठिपक्याठिपक्यांचा. समुद्र बघायचा तर संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर जा. साळवी स्टॉपवरून रिक्षानं फार वेळ लागत नाही, आणि कपाट कोरडं राहतं.

खोलीत शिरल्यावर

पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला हात लावा, पावसाचा मारा त्याच बाजूनं येतो. मे महिन्यात एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर का दिला ते विचारा. खिडकीवर छज्जा किती पुढं आलेला आहे ते बघा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वरचा मजला घ्यायला हरकत नाही, नसेल तर स्लॅब गळेल असं धरून चाला. शेजारच्या बिऱ्हाडाला एकच प्रश्न विचारा : "गेल्या जुलैत कपडे कुठं वाळत घालत होता?" उत्तर देताना त्यांनी पॅसेज दाखवला तर ठीक. हसले, तर दुसरी जागा बघा.

"फॅमिली की बॅचलर?" हा प्रश्न तुम्हाला येणार. काही मालकांना मांसाहार चालत नाही, काहींना रात्री दहानंतर पाहुणा चालत नाही. वाद घालू नका आणि खोटंही बोलू नका, जमत नसेल तर उठा. करार मात्र सोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसताना वाद झाला, तर मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगतो त्या अटी धरल्या जातात. हे मालकाला गोड शब्दांत सांगितलं की तो स्वतःच घाई करतो. नोंदणी आता आधारवरून ऑनलाइन होते, कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचं काम त्याच आठवड्यात उरकून घ्या. डिपॉझिट रोख देऊ नका.

आमच्याकडून

एका माणसाचा संसार छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, बसतो : कॉट, गादी, कपाट, फ्रिज, दुचाकी आणि पंधरा-वीस खोकी. कोल्हापूरहून सुमारे १३० किलोमीटर, सकाळी भरलं तर दुपारी उतरतं. शक्यतो मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी सामान आणा. नंतर आणलं तरी ताडपत्री दुहेरी घालतो, पण गादी प्लास्टिकमध्ये शिवून देणं तुमच्याकडं. कपाट लावताना भिंतीपासून चार बोटं लांब आणि पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

प्लायचं जुनं कपाट आणायचा आग्रह धरू नका. इथं स्टीलचं घ्या, किनाऱ्यापासून वरच्या अंगाला राहणार असाल तर ते टिकतं. आणि जागा आळीत ठरवली असेल, तर टेम्पो दारापर्यंत येतो की नाक्यावर थांबवावा लागेल, हे मालकाला विचारून आम्हाला आदल्या दिवशी कळवा. नाक्यावरून डोक्यावर न्यायचं झालं तर हमाली वेगळी पडते, आणि माडीचा जिना अरुंद असेल तर फ्रिजला दोर बांधून वर घ्यावा लागतो, त्याला एक माणूस जादा आणावा लागतो.