कळलावी: डोंगरउतारावरून नागपूरच्या कुंडीत

पाऊस स्थिरावला की सातपुड्याच्या उतारांवर, रामटेककडच्या टेकड्यांत, झुडपी जंगलात आणि शेताच्या जुन्या कुंपणांवर कळलावी दिसू लागते. वेल दरवर्षी वाळतो, पण जमिनीखालचा कंद जिवंत राहतो. त्या कंदापायीच ही वनस्पती रानात कमी झाली, म्हणून तिचा मागचा इतिहास माहीत असायला हवा.

आयुर्वेदाने 'लांगली' या नावाने तिची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत केली. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथमालेत तिची नोंद झाली आणि 1753 मध्ये लिनियसने तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले. खरा फरक पडला तो रसायनशास्त्रामुळे. युरोपातल्या कोल्चिकम या वनस्पतीतून 1820 मध्ये एक अल्कलॉइड (वनस्पतीतले तीव्र परिणामाचे रसायन) वेगळे काढले गेले. ते कोल्चिसिन, गाऊट या सांधेदुखीवरचे औषध. 1915 मध्ये तेच कळलावीतही सापडले. पुढे तामिळनाडूत करूर, दिंडीगुलच्या पट्ट्यात या औषधाच्या बियांसाठी तिची शेती सुरू झाली. बी काढले तरी झाड राहते, त्यामुळे ही शेती रानाला दिलासा देणारी ठरायला हवी होती. पण लागवडीसाठी लागणारे कंद रानातूनच उपटले गेले. म्हणून आमचे ठाम मत आहे: कंद नर्सरीतून, लागवडीतलाच घ्या, डोंगरातून एकही आणू नका.

फुलाआधी वेल ओळखायचा तर पानाचे टोक पाहा. देठ नसलेले, भाल्यासारखे पान टोकाशी बारीक होत होत तणाव्यासारखे वळते आणि आधाराला विळखा घालते. फूल खाली मान घालून उमलते, सहा पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या, कडा लाटांसारख्या. आधी हिरवट पिवळी, मग केशरी, शेवटी लाल. मधली परागवाहिनी, म्हणजे टोकाला कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग) असलेली दांडी, बुडाशीच जवळपास काटकोनात बाहेर वळते. फळधारणा कमी होण्याचे कारण इथेच आहे: कुक्षी पुंकेसरांपासून लांब राहते. बी हवे असेल तर सकाळी 8 ते 11 च्या दरम्यान दुसऱ्या फुलाचे पराग कुंचल्याने कुक्षीला लावावेत.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिला त्रास नाही, कंद तेव्हा झोपलेलाच असतो. घात करते ती काळी जमीन. पावसात ती चिबडते आणि कंद सडतो. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही, तेच इथे साधायचे. 12 इंची कुंडीत माती, कन्हानची रेती आणि कुजलेले शेणखत समान भागांत घ्यावे, तळाशी गिट्टी घालावी. 50 ते 60 ग्रॅमचा कंद मृगाच्या सुमारास 5-6 सें.मी. खोल आडवा ठेवावा. कंद इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा असतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. टोक मोडले की तो फाटा उगवत नाही, आणि कंद ठिसूळ असल्याने हे फार सहज घडते.

आधाराला पऱ्हाट्या किंवा तुराट्या उत्तम. जाड बांबूला पानांच्या टोकांचा विळखा बसत नाही. पाने कुरतडलेली दिसली तर काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या शोधा. सकाळी हाताने वेचल्या तर घरच्या दोनचार वेलांना फवारणीची गरज पडत नाही.

दिवाळीनंतर वेल पिवळा पडला की पाणी पूर्ण बंद करा. कुंडी छपराखाली सरकवा आणि पुढच्या मृगापर्यंत तशीच कोरडी राहू द्या. इथेच बहुतेक कंद गमावले जातात, कारण बाकीच्या कुंड्यांबरोबर हिलाही सवयीने पाणी घातले जाते. बियांपासून करायचे असेल तर धीर लागतो: उगवायलाच कित्येक महिने जातात आणि फूल यायला तीन-चार वर्षे.

संपूर्ण झाड विषारी आहे, कंद आणि बिया सर्वाधिक. खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. हातमोजे घालूनच लावा, काढलेल्या कंदांवर चिठ्ठी लावून ते स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. चुकून पोटात गेल्यास त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, उरलेला तुकडा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. सुरुवातीला नुसत्या उलट्या-जुलाब वाटतात, पण रक्तपेशी आणि इतर अवयवांवरचा परिणाम नंतरच्या दिवसांत दिसतो.