अवधान आणि स्मृती (दैनंदिन जीवनातील)

आजूबाजूच्या असंख्य संवेदनांतून मोजक्या निवडून त्यांवर मन लावणे म्हणजे अवधान. अनुभवलेले टिकवून पुढे आठवणे म्हणजे स्मृती. रोजच्या व्यवहारात या दोहोंची फारकत करता येत नाही. ‘विसरलो’ म्हणून आपण ज्याची हळहळ करतो, त्यातले बरेचसे मुळात मनात नोंदलेलेच नसते. घराला कुलूप लावले की नाही, हे सोलापूरच्या सात रस्ता चौकात पोचल्यावर आठवत नाही. कारण कुलूप लावताना हात सवयीने चालले आणि मन भलतीकडे होते. अशा प्रत्येक विसराळूपणाचे खापर वयावर फोडणे अन्यायाचे आहे.

संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवली. एका कानातले मोठ्याने म्हणत राहिल्यास दुसऱ्या कानातल्या मजकुराचा जवळजवळ पत्ता लागत नसे. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांनी ते टिपले. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, होम मैदानावरच्या पाळण्यांच्या आणि भोंग्यांच्या कल्लोळातही आपले नाव कानी पडून मान वळते ती यामुळेच. हाक मारूनही न वळलेल्यावर रागावण्याचे मात्र कारण नाही.

हातातल्या कामापुरते धरून ठेवणारी कार्यकारी स्मृती फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे ७ घटक सांगितली. पुढे नेल्सन कोवन यांनी ती ४ च्या आसपास आणली. म्हणून माणूस हा भार बाहेर टाकतो. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी विणकराला पाठ ठेवावी लागत नाही. ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. एकेक पुठ्ठा पुढे सरकतो, तसे त्यातल्या भोकांनुसार ताण्याचे ठरावीक धागे उचलले जातात. विणकराचे लक्ष तुटलेल्या धाग्यासाठी मोकळे राहते.

हातांची स्मृती निराळी. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायला मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई तेंदूचे पान कापते, तंबाखू भरते, वळते, टोक मुडपते, दोरा बांधते, आणि शेजारणीशी तेलुगूतून चाललेले बोलणे कुठे तुटत नाही. हे कसब शब्दांतल्या आठवणींहून वेगळे साठते, याचा ठोस पुरावा हेन्री मोलेसन यांच्याकडून मिळाला. १९५३ च्या मेंदू-शस्त्रक्रियेनंतर त्यांना नवे प्रसंग लक्षात राहत नसत. तरी आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यात ते दिवसेंदिवस सुधारत गेले. आदल्या दिवशीचा सराव मात्र त्यांना आठवत नसे.

विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत सर्वाधिक असतो व पुढे मंदावतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले. त्यावरचा उपाय विद्यार्थ्यांनी जरूर करून पाहावा: पुस्तक मिटून आठवून लिहिणे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले.