'परमेश्वराचं भय' म्हणजे नक्की कसलं भय?

संडे स्कूलमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं 1:7 (अध्याय 1, ओवी 7) तोंडपाठ असतं, परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ. पाठ असतं, पण हे भय म्हणजे नक्की काय ते बऱ्याचदा कुणी सांगत नाही, आणि मग लहानपणी डोक्यात बसतो तो छडी घेतलेला हेडमास्तर. त्यामुळे या वाक्याची जुनी गोष्ट एकदा नीट सांगायला पाहिजे असं वाटलं.

मूळ हिब्रू शब्द यिरा. घाबरणं पण त्यात येतं आणि आदरानं दबून जाणं पण. निर्गम 20:20 मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे एकाच वाक्यात लोकांना म्हणतो भिऊ नका, आणि लगेच पुढे म्हणतो की देव आलाय तो त्याचं भय तुमच्यात राहावं म्हणून, म्हणजे तुम्ही पाप करणार नाही. म्हणजे एक भय सोडायचंय आणि दुसरं धरायचंय. स्तोत्र 130 तर अजून पुढे जातं, तुझ्याजवळ क्षमा आहे म्हणून लोक तुझं भय धरतात असं म्हणतं. शिक्षा नाही, क्षमा! हेडमास्तर इथेच बाद होतो.

'प्रारंभ' साठी 1:7 मध्ये रेशीत हा शब्द आहे, त्याचा अर्थ सुरुवात, पण पहिल्या पिकाला पण तोच शब्द, म्हणजे त्यातला उत्तम भाग. त्यामुळे भय ही नुसती पहिली पायरी, चढलो की सोडली, असं नाही.

आता नीतिसूत्रं काही हवेतून आली नाहीत. शहाणपणाची वचनं लिहिणं हे त्या काळी दरबारी लेखकांचं काम होतं, इजिप्तमध्ये, बाबिलोनमध्ये सगळीकडे. परंपरेनं शलमोन राजाचं नाव पुढे येतं, पण 25:1 मध्येच लिहिलंय की हिज्कीया राजाच्या माणसांनी काही वचनं उतरवून घेतली. 22 व्या अध्यायापासूनचा एक भाग तर आमेनेमोपे नावाच्या इजिप्शियन लेखकाच्या शिकवणीशी इतका जुळतो की 1923 मध्ये ती छापली गेल्यावर अभ्यासकांमध्ये मोठी चर्चा झाली. माझ्या मते यात बिचकण्यासारखं काही नाही. इस्राएलनं शेजाऱ्यांचं शहाणपण घेतलं आणि सगळ्याच्या आधी परमेश्वराचं भय ठेवलं. पुस्तकाची रचनाच बघा, 1:7 ला ते वाक्य, 9:10 ला परत, आणि शेवटच्या अध्यायात परमेश्वराचं भय धरणाऱ्या बाईची स्तुती.

पण माझं आवडतं ठिकाण ईयोब 28, म्हणजे ईयोब नावाच्या सज्जन माणसाच्या दुःखाची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाचा 28 वा अध्याय. तिथे चक्क खाणकामाचं वर्णन आहे, माणूस अंधारात दिवा नेतो, डोंगर पोखरतो, दोरानं लोंबकळतो, चांदी सोनं लोखंड सगळं वर काढतो, जिथे घारीची नजर पोचत नाही तिथे हा पोचतो, पण शहाणपण कुठल्या खाणीत आहे ते त्याला सापडत नाही. उत्तर येतं शेवटच्या ओळीत, प्रभूचं भय हेच शहाणपण. आणि हे ज्या पुस्तकात आहे त्याच्या सुरुवातीलाच सैतानानं विचारलेलं असतं, ईयोब काय फुकट देवाचं भय धरतो का? भारी प्रश्न आहे तो.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, मात्र अडचण आली. 1 योहान 4:18 म्हणतं पूर्ण प्रीती भयाला घालवून देते. मग नीतिसूत्रांचं काय करायचं? ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडितानं (354 ते 430) यावर सुईदोऱ्याचा दाखला दिला, आधी भयाची सुई आत जाते, ती बाहेर निघाल्याशिवाय मागून प्रीतीचा दोरा येत नाही. पण एक भय उरतंच असंही तो म्हणतो, शिक्षेचं नाही, तर जवळचं माणूस दुरावेल याचं. पुढे 13 व्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडितानं गुलामाचं भय आणि लेकराचं भय अशी नीट विभागणी केली. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) दहा आज्ञांचा अर्थ सांगताना दर वेळी सुरुवात केली ती देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी इथूनच, दोन्ही एकत्र.

कॅथलिकांकडे हे भय पवित्र आत्म्याच्या सात दानांत येतं, यशया 11 वरून. गंमत म्हणजे हिब्रूत तिथे सहाच आहेत, भय दोनदा आलंय, ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्यातल्या एकाला भक्ती केलं आणि सात झाले!

मराठीत 'भय' हा शब्द बायबलमध्ये पक्का बसला. कवी नारायण वामन टिळकांनी (1895 मध्ये बाप्तिस्मा) मात्र आपल्या अभंगांत ख्रिस्ताला आई म्हटलं, आणि आईचा धाक काय असतो ते मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तसंही नुसतं भीरू म्हटलं तर आपण चिडतो, पण कुणी आपल्या आजोबांना पापभीरू म्हटलं की बरं वाटतं.