नॅचरल हार्मोन म्हणजे साईड इफेक्ट नाही, हे खोटं आहे
पाळी जायच्या वयातल्या बायांना आमच्या यवतमाळकडं कोणीही सांगते, झाडापासून बनवलेलं नॅचरल हार्मोन घे, साईड इफेक्ट काहीच नाही. चूक आहे हे बाप्पा. कच्चा माल सोयाबीनचा असो का रानकंदाचा, हार्मोन लॅबमधेच बनते अन् ते कुठून आलं हे शरीर पाहत नाही. स्तन दुखणं, मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, अन् मुख्य म्हणजे गर्भपिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन घेतलं तर आतलं अस्तर जाड होते, कॅन्सरचा धोका वाढते, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर जाड होऊ न देणारं दुसरं हार्मोन, लागतेच. आमची मामी असंच औषध घेत होती, कापूस वेचताना लुगड्यावर डाग दिसला तर "पाळी परत आली असन" म्हणून गप्प बसली. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच डॉक्टरला दाखवा व माय.