बाइटस्ट्रिंग म्हणजे 'फास्टवालं टेक्स्ट' नव्हे

हॅस्केल ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली की कुणीतरी सांगतंच, मजकूर ठेवायला स्ट्रिंग हा टाइप स्लो आहे, टेक्स्ट वापर, अजून फास्ट पाहिजे तर बाइटस्ट्रिंग. पहिला अर्धा सल्ला बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्याने किती जणांचे रविवार खाल्लेत देव जाणे.

स्ट्रिंगचं पटकन उरकतो, ती तुम्हाला माहितीच आहे: कॅरेक्टरांची लिंक्ड लिस्ट, ६४ बिटच्या मशीनवर एकेका कडीलाच २४ बाइट. एरर मेसेजपुरती ठीक आहे, मोठी फाइल त्यात वाचू नका, संपला विषय.

आता खरा घोळ. टेक्स्टमध्ये अक्षरं असतात. बाइटस्ट्रिंगमध्ये ० ते २५५ मधले आकडे असतात, बस, मग ते आकडे म्हणजे मराठी आहे, जेपेग आहे का झिप आहे, तिला काही पडलेलं नसतं. 'मराठी'चं टेक्स्ट करून लेंग्थ विचारा, ५ येईल (म, र, काना, ठ, वेलांटी, डोळ्याला तीनच अक्षरं दिसतात ते भांडण वेगळं). तेच यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायची नेहमीची पद्धत) एनकोड करून बाइटस्ट्रिंगला विचारा, १५.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात आणि मग ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज (अवतरणातल्या मजकुराला स्ट्रिंगशिवाय दुसरा टाइप देऊ देणारं कंपायलरचं एक्स्टेन्शन) चालू करून कोडमध्ये थेट "मराठी" लिहितात आणि टाइप देतात बाइटस्ट्रिंग. कंपाइल होतं, वॉर्निंगसुद्धा नाही, आणि आउटपुटला येतं हे:

.0> @

माझ्या एका रिपोर्टच्या हेडिंगात असलंच काहीतरी आलं होतं आणि मी अर्धा दिवस फॉन्टला शिव्या घालत बसलो. झालेलं असं असतं की म चा युनिकोड नंबर २३५०, तो एका बाइटमध्ये मावत नाही, मग २५६ ने भागून उरलेले ४६ तेवढे ठेवले जातात, आणि ४६ म्हणजे टिंब. र चा २३५२, उरले ४८, म्हणजे शून्य. मूळ अक्षर गेलं ते गेलंच, नंतर कितीही डीकोड करा. बाइटस्ट्रिंगच्या चार-एट मॉड्यूलमधलं पॅक हे फंक्शनसुद्धा हेच करतं. इंग्रजी अक्षरं १२८ च्या आतच असल्यामुळे टेस्ट मात्र सगळ्या हिरव्यागार, म्हणून टेस्टमध्ये 'हॅलो' ऐवजी 'मराठी' टाकत जा राव!

माझा नियम सोपा आहे, फाइल किंवा सॉकेटमधून येईल ते बाइटस्ट्रिंग, दारातच डीकोड करायचं, आत सगळीकडे टेक्स्ट, बाहेर जाताना परत एनकोड. डीकोड करताना डीकोड-यूटीएफ-८ चं शेवटी टिकवालं (') व्हर्जन घ्या, ते आयदर देतं, म्हणजे एकतर एरर नाहीतर टेक्स्ट. बिनटिकवालं खराब बाइट दिसला की एक्सेप्शन फेकतं. लेनियंटवालं खराब बाइटच्या जागी � टाकून पुढे जातं, लॉगसाठी चालेल, माणसांच्या नावांना मी ते लावू देत नाही.

आणि टेक्स्ट-आयओ मधलं रीडफाइल शक्यतो नकोच, ते मशीनचं लोकेल (भाषा आणि एनकोडिंगचं सेटिंग) बघून डीकोड करतं. लॅपटॉपवर मस्त चालतं, डॉकरमध्ये लोकेल सेट नसेल तर पहिल्याच मराठी ओळीला डीकोडिंगची एरर.